नकाशावरची सही

मी एका नकाशावर सही केली. खाली सात सह्या आहेत, त्यातली पाचवी माझी. कुणी जबरदस्ती केली नाही. पैसे दिले नाहीत. दारू पाजली नाही. चहा पाजला, तेवढाच. त्या सहीबद्दल हे लिहितोय. संपादक मित्रांनी कविता मागितली होती. कविता जमली नाही. हे घ्या.

मी सूतगिरणीत आहे, इचलकरंजीच्या बाजूला, रिंगफ्रेम खात्यात. धागा तुटला की सांधायचा, भरलेली बॉबीन काढायची, रिकामी लावायची. पाळी सुटते तेव्हा भुवयांवर कापूस असतो. सत्ताविशीतच म्हातारा झाल्यासारखा दिसतो मी आरशात. शाळा दहावीला सुटली. पुढचं वाचन खोलीवर झालं. बाबासाहेबांचे खंड एकेक करून आणले, कळलं तेवढं वाचलं, न कळलेलं परत वाचलं. नकाशा मात्र कुणी वाचायला शिकवला नाही, आणि तो वाचायचा असतो हेही मला ठाऊक नव्हतं.

गाव लातूर जिल्ह्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. चार वाजायला चार मिनिटं कमी होती. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव झोपलेलं. दगडाच्या रुंद भिंती, चिखलाचा सांधा, वर मातीचं जड माळवद, असले वाडे झोपलेल्या माणसांवर बसले. सरकारी आकड्यानं सुमारे आठ हजार माणसं गेली. आमची म्हारवाड्यातली घरं कुडाची, वर पाचट नाहीतर पत्रा. आमच्याकडंही दोन लेकरं गेली. पण बाकीची वस्ती उठून बाहेर आली आणि गावात दगड उपसायला पळाली. ज्या वाड्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी पाय ठेवला नव्हता, त्या वाड्यांत आजा पहिल्यांदा शिरला, तो मढी काढायला. आजी सांगते, "त्या रातीला तेवढी गरिबी कामाला आली, लेकरा."

मी तेव्हा नव्हतो. मी जन्मलो ते नव्या गावात.

नवं गाव म्हणजे सरकारनं कागदावर आखून जमिनीवर उतरवलेलं गाव. अशी ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्यानं वसवली. जागतिक बँकेचा पैसा होता. इंजिनीयर आले, फूटपट्ट्या आल्या. जुन्या गावाला बोळ होते, वळणं होती, वेस होती. नव्या गावाला सरळ रेघा. आजी म्हणायची, जुन्या गावात म्हारवाडा उगवतीला होता. का? तर वारा मावळतीकडून येतो. "गावावरचा वारा आपल्यावर आला तर चालतंय, आपल्यावरचा गावावर जाऊ नगं." ओढ्याचंही तसंच. वरचं पाणी गावाचं, खालचं आपलं. गाव कुणी इंजिनीयरानं आखलं नव्हतं, पण आखणी चुकली नव्हती एका बोटानं.

मग १९९३ नंतर कोरा कागद आला. आख्खं गाव भुईसपाट. वेस पडली, पार पडला, वाडे पडले. पुढं काहीही काढता आलं असतं त्या कागदावर. देशातल्या किती गावांना अशी संधी मिळते?

पुनर्वसनाच्या साहेबानं जात विचारली नाही. खरंच नाही विचारली. त्यानं सातबारा विचारला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तर २५० चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० फूट. सातच्या वर असेल त्याला ७५०. एका मापाची घरं एका लाईनीत. काम सोपं होतं म्हणे तसं. आता सांगा, आमच्या गावात भूमिहीन कोण? सात हेक्टरच्या वर कोण? साहेबानं प्रश्न बदलला आणि उत्तर जुनंच आलं. आमच्या गल्लीला गावात 'अडीचशेची लाईन' म्हणतात. पोरगं कुणाचं, असं विचारलं की सांगायचे, अडीचशेचं. जात उच्चारायची गरजच राहिली नाही. जात फुटात मोजली गेली.

त्या २५० फुटांत आजा, आजी, बाप, माय, दोन चुलते आणि आम्ही पोरं. पुढं पत्रा मारला, मागं पत्रा मारला. चुलत्यांची लग्नं झाली तेव्हा मधे साडी बांधली. मी गिरणीत गेलो त्याचं एक कारण पोट, दुसरं कारण झोपायला जागा. हे मी कधी कुठल्या कवितेत लिहिलं नाही. कवितेत मी सूर्य लिहायचो, मशाली लिहायचो. घर नावाची एक कविता लिहिली होती, तिला जयंतीत टाळ्या पडल्या. तिच्यातल्या घराला दार कुठल्या दिशेला होतं ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

२०२२ साली गावाच्या कडेला नवी वसाहत ठरली. गायरानातला तुकडा घेऊन घरकुलांसाठी साठ प्लॉट पाडायचे. गायरान या शब्दानं आमच्या घरात अजून कान टवकारतात. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी १९५९ ला आणि परत १९६४ ला सत्याग्रह उभे केले. चौसष्टच्या लढ्यात आजा पंधरा दिवस आत होता. बाहेर आला तेव्हा त्याला जमीन मिळाली नाही, पण बोलायला तोंड मिळालं, असं तो सांगायचा. त्याच गायरानात आता नातवांना प्लॉट. आजा असता तर नाचला असता.

मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला गावी गेलो होतो. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, पंचायतीत बोलावलं. खुर्ची दिली. बापाला त्या खोलीत खुर्ची मिळाल्याचं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "तुम्ही लिहिणारे माणूस. वस्तीला जरा यादी वाचून दाखवा. तुमच्या तोंडून ऐकली की विश्वास बसंल." मी यादी घेतली आणि समाजमंदिरासमोर वाचली. साठातली बावीस नावं आमची. एकेक नाव वाचलं की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गल्लीतल्या एका विधवा चुलतीचं नाव आलं तेव्हा ती खाली बसली. "परत एकदा वाच," म्हणाली. मी परत वाचलं.

यादीच्या खाली घडी घातलेला कागद होता. उघडला. रेघा, चौकोन, आकडे, कोपऱ्यात एक बाण. वस्तीतर्फे सही हवी होती. केली. मराठीत केली, पूर्ण नाव लिहून, खाली रेघ ओढून. ऐटीत.

सप्टेंबरात परत गेलो. पाऊस चिकार झाला होता. प्लॉट बघावेत म्हणून चुलतीला घेऊन गायरानात गेलो. खुंट्या रोवलेल्या होत्या. वरच्या अंगाला अडतीस प्लॉट, ते मुरमाचं रान, उंचवटा. तिथं चप्पल ओली होत नव्हती. तिथनं उतार लागतो तो ओढ्यापर्यंत. आमचे बावीस त्या उतारावर, शेवटचे आठ ओढ्याच्या काठावर. गावातल्या गटारीचं तोंड बरोबर तिथंच उघडतं. चुलतीचा प्लॉट एकोणसाठ नंबर. खुंटी सापडेना. मी पाय घातला तर पोटरीपर्यंत पाणी. खुंटी पाण्याखाली होती.

चुलती काही बोलली नाही. तिनं नुसतं विचारलं, "हे त्या कागदावर व्हतं का रं?"

होतं. सगळं होतं. गिरणीत खोलीवर एक जण राहतो, तो पूर्वी मोजणीवाल्यांच्या मागं साखळी ओढायचा. फोनमधला नकाशाचा फोटो त्याला दाखवला. त्यानं पाच मिनिटांत वाचला. हा बाण उत्तरेचा. ही तुटक रेघ ओढा. हा आकडा रस्त्याची रुंदी, वरच्या बाजूला ९ मीटर, तुमच्याकडं साडेचार. हा चौकोन कचरा डेपोचा, तुमच्या शेवटच्या लाईनीला लागून. ही मोकळी जागा, बगिचा म्हणून, ती वर. पाण्याची टाकी वर. शाळेकडं जायचा रस्ता वरनंच. तुम्हाला अख्ख्या वरच्या वस्तीला वळसा. "आणि हे बघ," तो म्हणाला, "वसाहतीचं नाव लिहिलंय. समतानगर."

२०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. म्हारवाडा हा शब्द पाटीवरनं गेलाच पाहिजे. पण पाटी बदलायला एक डबा रंग पुरतो. गटारीचं तोंड वळवायला नकाशा बदलावा लागतो.

मित्रहो, इथं एक गोष्ट कबूल करतो. मला पहिला राग आला तो सरपंचाचा नाही, माझा आला. वेस जाळा, गावकुसं पाडा, असं मी चार ठिकाणी स्टेजवरनं ओरडलोय. आणि वेस माझ्या मांडीवर उलगडून ठेवली होती, तर मला ओळखू आली नाही. कारण ती दगडाची नव्हती, शाईची होती.

घरी सांगितलं. वाटलं होतं बाप पेटून उठेल. बाप म्हणाला, "आपुन आपल्यात हाव ते बरं हाय. वर त्यांच्या मधी राहून काय करतूस? रातचं काय झालं तर हाकंला आपला माणूस पायजे." मी चिडलो, गुलामी वगैरे बोललो. आजी मधे पडली. म्हणाली, "गप. तुला काय ठावं." मग तिनं १९७८ सांगितलं. जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या. आमच्या गावात आग आली नाही, पण बातमी आली. सहा रात्री बाया-पोरांना मधे घेऊन गडी कडेनं झोपले. बाप तेव्हा दहा वर्षांचा. त्या सहा रात्री त्याच्या अंगात अजून आहेत. त्याला मी भित्रा म्हणालो होतो. मी त्याची माफी मागितली नाही, ती इथं मागतो.

पण आजीच्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. त्या वेळी वस्त्या जाळणाऱ्यांना कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. सगळे एका जागी, गावाच्या एका कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एकत्र राहिलो म्हणून हाक ऐकू येते हे खरं. एकत्र ठेवलं म्हणून सापडतो हेही खरं.

गिरणीतल्या आमच्या अभ्यासमंडळात हा विषय काढला. एका मित्रानं मला कोंडीतच पकडलं. म्हणाला, "बाबासाहेबांनीच वेगळ्या वसाहती मागितल्या. तू एकत्र राहायचा हट्ट का धरतोस? तू गांधीवादी झालास का?" खरं आहे. जुलै १९४२ ला नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र गावांचा ठराव झाला. १९४७ ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी ते कलमात बसवून मांडलं. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याची अशी सालटी काढली की खेड्याचे गोडवे गाणारे अजून त्या भाषणाला उत्तर देऊ शकलेले नाहीत.

मी आठ दिवस विचार केला. तिसऱ्या पाळीत डोकं मोकळं असतं, हात आपोआप चालतात. खंड परत काढला. बाबासाहेबांची मागणी नीट वाचा. त्यात नुसतं वेगळं घर नाही. सरकारची पडीक जमीन त्या वसाहतींसाठी एका आयोगाच्या ताब्यात द्यायची. तिच्यावर पोट भरायचं, तिथंच राहायचं. गावाच्या मजुरीवर, गावाच्या पाण्यावर, गावाच्या मर्जीवर जगायचं नाही. म्हणजे गावाशी बांधलेली नाळ तोडायची. आमच्या साडेचार मीटरच्या बोळात काय आहे? पाणी वरच्या टाकीतनं. काम वरच्यांच्या रानात. रस्ता वरच्यांच्या दारावरनं. आणि वरच्यांची गटार आमच्या दारात. ही वेगळी वसाहत नाही. स्वतंत्र असणं आणि बाहेर असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वतंत्र वसाहतीत पेन्सिल आपल्या हातात असते. बाहेरच्या वस्तीत खुंट्या दुसरा रोवतो आणि आपण फक्त आपला नंबर शोधतो.

म्हणून एकत्र की वेगळं, हा आपला पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न, आखलं कुणी? आणि आखताना तुला विचारलं होतं का, की यादी वाचायलाच बोलावलं होतं?

२६ जानेवारी २०२३ ची ग्रामसभा. रजा मिळाली नाही, बिनपगारी गेलो. त्याच्या आधी ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं होतं, गावोगाव नोटिसा निघाल्या होत्या. आमच्यातले चार जण गायरान कसून खातात. त्यांच्या पोटात गोळा. ते म्हणाले, आता गायरानाचा 'ग' काढू नको, आहे ते पदरात पाडून घेऊ. तरी उठलो. दोन मागण्या केल्या. रस्ता सगळीकडं एका रुंदीचा करा. प्लॉट चिठ्ठ्या टाकून द्या, लहान पोराला उचलायला लावा.

सरपंच म्हणाले, "जात कुणी काढली? नकाशात कुठं जात लिहिलीय, दाखव."

मी म्हणालो, "नकाशात नाही, यादीतही नाही. दोन्ही शेजारी ठेवा."

सभेत एकदम शांतता झाली. मग भाऊसाहेबांनी फाईल उघडली. कागद वर धरला. "तुमच्याच वस्तीनं संमती दिलीय. ही पाचवी सही कुणाची?"

काय सांगू तुम्हाला. त्या सभेत मला शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. माझीच सही दाखवली. माझ्याच अक्षरात, खाली रेघ ओढलेली.

मी म्हणालो, "माझीच. न वाचता केली. ती मी परत घेतो." कुणीतरी हसलं. तरी लेखी दिलं. पुढं तहसीलला अर्ज, मोजणीला अर्ज, पावसाळ्यातले फोटो जोडून. अर्ज खोलीवरच्या मित्रानं सांगितला, मी लिहिला. ती माझी आजवरची सगळ्यात चांगली रचना आहे. तिच्यात एकही विशेषण नाही.

आता हे वाचून जिंकलो असं वाटेल, म्हणून पुढचं सांगतो. अर्जामुळं काम थांबलं. आमच्यातल्या काही घरकुलांचा पहिला हप्ता जागेअभावी अडकला. त्यात चुलती होती. ती भर रस्त्यात मला बोलली, "तुझं बरं हाय, तू गिरणीत झोपतूस. माझं नाव यादीतनं गेलं तर तुझ्या कवितंत राहू का?" बाया दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. चौदा महिने तिचं काम लांबलं. तेवढ्यात सिमेंट, लोखंड, मजुरी, सगळं चढलं. योजनेत साध्या भागात घराला १ लाख २० हजार धरलेले. तेवढ्यात घर कुणाचंच होत नव्हतं, तिचं कसं होणार? तिनं बचतगटाचं कर्ज काढलं.

फेरमोजणी झाली. ओढ्याकाठचे आठ प्लॉट उठवून वर घेतले. बगिच्याची जागा त्यात गेली. कचऱ्याचा चौकोन गावाच्या दुसऱ्या अंगाला हलला. रस्ता दोन्हीकडं सहा मीटर झाला. चिठ्ठ्या मात्र टाकल्या नाहीत. आठ घरं वर गेली, तीही एका कोपऱ्यात, एकमेकाला चिकटून. लाईन अजून लाईनच आहे. पाटी समतानगरचीच आहे.

आणि घर केवढं? घरकुलाचं किमान माप २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. भूकंपानंतर आमच्या बापाला मिळालं २५०. जवळजवळ तीस वर्षांत आम्ही १९ फूट पुढं आलो. हा हिशेब मी बापाला सांगितला. बाप म्हणाला, "एक खाट बसती तेवढ्यात." टोमणा नव्हता. त्यानं खरंच मोजलं होतं.

मित्रहो, तुम्ही मोर्चे काढता, जयंती करता, पुस्तकं वाचता. मीही करतो. पण तुमच्या गावाच्या कडेला आज ना उद्या कुणीतरी खुंट्या रोवणार आहे. आपल्या पोरांतनं तलाठ्याचे कागद वाचणारी, मोजणीची साखळी धरणारी, नकाशा काढणारी पोरं झाली पाहिजेत. तोवर एवढं तरी करा. यादी हातात आली की नकाशा मागा. उत्तर कुठं ते बघा. ओढा कुठं, उतार कुठल्या अंगाला, गटार कुठं उघडते, रस्ता किती रुंद, टाकी कुठं, शाळेला पोरगी कुठनं जाणार, मसणवट्याची वाट कुणाच्या रानातनं. नावं आणि नंबर शेजारी ठेवून वाचा. आणि वस्तीतल्या बायांना आधी विचारा, कारण पाणी त्याच भरतात. मी विचारलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात चुलतीनं घरी बोलावलं. बाहेर धो धो चालू होतं. तिनं उंबऱ्यावर हात फिरवून दाखवला. "कोरडं हाय," म्हणाली. मग चहा ठेवत म्हणाली, "कर्ज हाय आजून. हप्ता भरताना तुला शिव्या देते मी." मी म्हणालो, द्या. चहा प्यालो. निघताना पाऊस थांबला होता, तर एकोणसाठ नंबरच्या जुन्या जागेपर्यंत चालत गेलो. तिथं ओढा भरून वाहत होता. जुनी खुंटी कुठं दिसली नाही.